शेतात माती देताना : कायदा, कागद आणि विहिरीचे पाणी



गेल्या उन्हाळ्यात एका गावी माती परीक्षणाचे शिबिर होते. नमुना कसा घ्यावा, खड्डा कोणत्या आकाराचा काढावा हे सांगून झाल्यावर मागे बसलेले एक वयस्कर शेतकरी उठले आणि म्हणाले, "सर, मातीचंच विचारतो. आपल्या रानात आपल्या माणसाला माती द्यायला परवानगी लागते का?" काही जण हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आपल्याला सासऱ्यांच्या शेजारी जागा द्यावी अशी त्यांची इच्छा होती.

मला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तेव्हा देता आले नाही. पुढे कायद्याची पुस्तके, निकाल आणि महसुली नियम वाचून, जाणकारांना विचारून जी माहिती गोळा झाली ती या लेखात दिली आहे. माझा स्वतःचाही या विषयाशी संबंध आला आहे, तो ओघात सांगेनच.

प्रश्न कोणाचा?

महाराष्ट्रात वीरशैव लिंगायत, नाथपंथी व दशनामी गोसावी, महानुभाव, मुस्लिम, ख्रिस्ती आणि कित्येक आदिवासी व भटक्या समाजांत दफनाची रीत आहे. ज्या घरांत अग्निडाग देतात तिथेही लहान मुलांना पुरण्याचीच चाल आहे. शिवाय वस्तीवर राहणारी अनेक कुटुंबे आपल्याच शेतात सरण रचतात. म्हणून हा एका जातीधर्माचा प्रश्न नाही. ज्याच्या बांधावर आजा-पणजाची समाधी आहे, त्या प्रत्येकाचा आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमचे गाव सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझे थोरले चुलते वारले. आमच्या समाजाची दफनभूमी ओढ्याच्या पलीकडे असून फुगवट्याचे पाणी तिच्यावर चढले होते. रात्र झालेली, पाऊस थांबत नव्हता. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की माळावरच्या रानात, आजोबांच्या समाधीशेजारी माती द्यायची. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता आणि कोणी हरकतही घेतली नाही.

अडचणी नंतर आल्या. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत कोणीतरी केली असेल असे प्रत्येकाला वाटले, आणि कोणीच केली नव्हती. वर्ष उलटल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो तेव्हा हे उघड झाले. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाचा आदेश लागत होता. तो मिळेपर्यंत काकूंचे नाव सातबाराला लागले नाही आणि सोसायटीचे पीक कर्ज अडले. दुसरी गोष्ट, दोन्ही समाध्या सामाईक विहिरीपासून जेमतेम पंधरा मीटरवर आहेत. त्या विहिरीवर शेजारच्या वस्तीचे पिण्याचे पाणी होते. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही, पण त्या विहिरीचे पाणी पिणे सोडले आणि आमच्याशी बोलणेही कमी केले. हे दोन्ही टाळता आले असते.

कायदा एक नाही, अनेक आहेत

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफन, दफनभूमी, दहन आणि दहनभूमी हा विषय राज्य सूचीत दहाव्या क्रमांकावर आहे. याचा अर्थ असा की यासंबंधी कायदा व नियम करण्याचे काम प्रत्येक राज्याचे आहे. त्यामुळे तामिळनाडूत जे चालते ते छत्तीसगडमध्ये चालेलच असे नाही. पाहुण्यांच्या राज्यातला दाखला आपल्या गावी देऊन उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात खालील तरतुदी ध्यानात ठेवाव्यात.

१) ग्रामपंचायतीची जबाबदारी : १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ खालील ग्रामसूचीत दहन व दफनभूमीची तरतूद करणे, ती सुस्थितीत ठेवणे आणि तिचे नियमन करणे हे ग्रामपंचायतीचे काम म्हणून दिलेले आहे. म्हणजे गावात जागा नसेल तर ती मागणे हा गावकऱ्यांचा रास्त अधिकार आहे. नियमनाचा अधिकारही पंचायतीकडे असल्यामुळे तिला न विचारता केलेले दफन वादाला तोंड फोडू शकते.

२) महसूल खाते : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार कोणाच्या कायदेशीर ताब्यात नसलेली गावातील जमीन दफन किंवा दहनभूमीसाठी राखून ठेवता येते. गुरचरण, गावठाण, खळवाड यांसाठी जशी जमीन राखतात तशीच ही. अशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. महसुली मोजणीच्या नियमांत दफनभूमी म्हणून वापरात असलेले क्षेत्र पोटखराब 'ब' वर्गात धरले जाते. आपल्या सातबारावर पोटखराब 'ब' खाली काही गुंठे दिसत असतील तर ते कशामुळे आहेत हे एकदा तलाठ्याकडून समजून घ्यावे. कधी कधी ती जुन्या मसणवट्याची खूण असते.

३) शहराची हद्द : नगरपालिका व महानगरपालिकेच्या हद्दीत नियम अधिक कडक आहेत. तेथे दफन-दहनाच्या जागा ठरवून दिलेल्या असतात आणि परवानगीशिवाय नवी जागा सुरू करता येत नाही. गाव शहराच्या हद्दीत गेले असेल आणि शेत तसेच राहिले असेल, तरी शेताला आता शहराचा नियम लागतो. हद्दवाढ झालेल्या गावांतील शेतकऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मालकी म्हणजे परवानगी नव्हे

"जमीन माझी, सातबारा माझा, मग मला विचारणारे कोण?" असे अनेक जण म्हणतात. हा समज बरोबर नाही. याबाबत अलीकडचा एक निकाल माहीत असावा.

छत्तीसगडमधील बस्तर भागातल्या छिंदवाडा गावी ७ जानेवारी २०२५ रोजी एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे निधन झाले. गावातल्या जागेत दफनाला विरोध झाला. मुलाने आपल्या खासगी शेतजमिनीत दफनाची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तोपर्यंत मृतदेह शवागारात होता. २७ जानेवारी २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळी मते दिली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या मते कुटुंबाला त्याच्या खासगी शेतात दफन करू द्यावे. न्यायमूर्ती सतीश चंद्र शर्मा यांच्या मते दफन कोठे करावे याची निवड हा बिनशर्त हक्क नाही, ते नेमून दिलेल्या जागेतच झाले पाहिजे. मृतदेह आणखी ताटकळू नये म्हणून दोघांनी घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली मिळून आदेश दिला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्यास सांगितले.

या निकालाचा बोध असा घ्यावा. सन्मानाने अंत्यसंस्कार व्हावा ही गोष्ट जगण्याच्या हक्कात येते असे न्यायालयांनी वेळोवेळी मानले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, वांद्रे येथील दफनभूमीच्या प्रकरणात हेच म्हटले. परंतु आपल्याच शेतात दफन करण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळतो, असा सर्वांना बांधील निर्णय अद्याप झालेला नाही. दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही, म्हणून कोणत्याही एका मताचा आधार घेऊन चालू नये.

तामिळनाडूत १९९९ चे स्वतंत्र नियम आहेत. परवाना दिलेली जागा सोडून, राहत्या घरापासून किंवा पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ९० मीटरच्या आत दफन-दहन करता येत नाही, असा त्यांत दंडक आहे. जुलै २०२४ मध्ये तेथील बहुजन समाज पक्षाचे प्रदेशाध्यक्ष के. आर्मस्ट्राँग यांची हत्या झाली, तेव्हा चेन्नईच्या दाट वस्तीतील पक्ष कार्यालयाच्या आवारात दफन करण्याची मागणी मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. शहराबाहेर पोत्तूर येथे नातेवाइकाच्या सुमारे एक एकर मोकळ्या जमिनीत मात्र परवानगी दिली. म्हणजे खासगी जमिनीचा विचार होऊ शकतो, पण वस्ती, रस्ता, पाणी आणि जागेचे आकारमान पाहून.

हा तामिळनाडूचा नियम आपल्याला लागू नाही. पण मोजमाप म्हणून तो विचार करण्यासारखा आहे. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर ९० मीटर भरते. म्हणजे एकरभर रानाच्या एका कोपऱ्यात विहीर असेल, तर अगदी समोरच्या कोपऱ्यातच हे अंतर सापडते. अल्पभूधारकाने यावरून काय ते समजावे.

जमीन आणि पाणी काय सांगतात?

माझा विषय कृषिविद्येचा असल्याने हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने १९९८ मध्ये दफनभूमी आणि पर्यावरण या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील शिफारशी अशा :

• पिण्याच्या पाण्याची विहीर, कूपनलिका किंवा झरा यांपासून किमान २५० मीटर अंतर असावे.
• इतर ओढे, नाले, झरे यांपासून किमान ३० मीटर आणि शेतातील चरापासून किमान १० मीटर अंतर असावे.
• खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान १ मीटर वर असावा.
• तळाखाली किमान १ मीटर माती असावी, थेट खडक नसावा.
• वर किमान १ मीटर माती पडावी.

हा कायदा नाही, शिफारस आहे. परंतु शेजाऱ्याने हरकत घेतल्यास अधिकारी नेमके हेच विचारतात. २५० मीटर अंतर आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत क्वचितच मिळते. म्हणून जिथे पिण्याची विहीर किंवा बोअर जवळ आहे तिथे शेतात दफनाचा हट्ट धरू नये, गावाच्या दफनभूमीचाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीच्या प्रकारानुसार पुढील काळजी घ्यावी.

भारी काळी जमीन : या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. पावसाळ्यात ती फुगते व पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात. उथळ खड्डा असेल तर भेगांतून दुर्गंधी वर येते, कोल्हे-कुत्री माती उकरतात. अशा जमिनीत खड्डा पाच ते सहा फूट खोल असावा. मात्र बागायती पट्ट्यात, विशेषतः बारमाही उसाच्या रानात, पावसाळ्यात पाणी तीन-चार फुटांवर येते. तेथे हा खड्डा पाण्यातच जातो. अशी जागा वर्ज्य समजावी.

मुरमाड व हलकी जमीन : खोदाई अवघड असली तरी निचरा चांगला असतो. पण खाली भेगाळ कातळ असेल तर भेगांतून पाणी वेगाने विहिरीपर्यंत पोहोचते, वाटेत मातीची गाळणी मिळत नाही. म्हणून मुरमाखाली लगेच खडक लागल्यास जागा बदलावी.

कोकणातील जांभा : जांभा सच्छिद्र असतो. त्यातून पावसाचे पाणी भराभर खाली उतरते. उतारावरच्या जागेखाली झरा किंवा वाडीची विहीर असेल तर तेथे दफन करू नये.

पाण्याची पातळी ओळखण्याची सोपी रीत अशी आहे : पावसाळा संपताना, सप्टेंबर महिन्यात, उपसा बंद असताना जवळच्या विहिरीतील पाणी जमिनीपासून किती फुटांवर आहे ते दोरीने मोजावे. ती साधारणपणे वरची पातळी समजावी. भूजल बहुधा जमिनीच्या उताराच्या दिशेने वाहते. म्हणून जागा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी.

काही ठिकाणी खड्ड्यात मीठ घालण्याची रीत आहे. रीत पाळायची असल्यास मीठ थोडेच घ्यावे. पोती रिकामी केल्यास मिठातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण विखुरतात, जमीन चोपण होते आणि आजूबाजूचे पीक बसते. एकदा बिघडलेली भारी जमीन सुधारायला जिप्सम आणि बरीच वर्षे लागतात.

मृत्यू नोंद : सर्वांत पहिला कागद

दफन कोठेही होवो, मृत्यूची नोंद टाळता येत नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत खबर द्यावयाची असते. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. स्मशानभूमी किंवा दफनभूमी सांभाळणाऱ्यांवरही खबर देण्याची जबाबदारी आहे. शेतात दफन केल्यावर तशी खबर देणारे दुसरे कोणी नसते, म्हणून आपणच अधिक जागरूक राहावे लागते.

• २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत विलंब शुल्क भरून नोंद होते.
• ३० दिवसांनंतर पण एक वर्षाच्या आत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.
• एक वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, दफन जेथे झाले तेथे नाही. माणूस शहरातल्या दवाखान्यात वारला आणि माती गावी दिली, तर नोंद त्या शहरात होते. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा आणि दाखला तेथूनच मागावा. तान्हे मूल दगावल्यास जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी कराव्यात. मृत जन्माचीही नोंद कायद्याने करावयाची असते. "एवढ्याशा जिवाची कसली नोंद" असे म्हणून ती टाळू नये.

मृत्यू दाखला मिळाला की वारस नोंदीचा अर्ज द्यावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावयाची असते. आमच्या घरी ही एकच गोष्ट वेळेवर झाली असती तर काकूंना दोन हंगाम हातउसने घेऊन पेरणी करावी लागली नसती.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू : घाई करू नये

शेतीत सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, फवारणीची विषबाधा, वीज कोसळणे अशा घटना घडतात. अशा मृत्यूत पोलिसांना व पोलीस पाटलांना खबर देऊन पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्यावे, मगच माती द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पोलीस अशी चौकशी करतात. आत्महत्येलाही हेच लागू आहे. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. काही लपवण्याचा हेतू नसतानाही घाईने उरकलेले दफन संशय ओढवून घेते, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुरलेला देह बाहेर काढण्याची वेळ घरच्यांवर येते. ते पाहणे फार कठीण असते.

यात आर्थिक बाजूही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाच्या शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातील सदस्याच्या अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपयांचे अनुदान आहे. अर्जाबरोबर मृत्यूचे कारण दाखवणारी कागदपत्रे लागतात. सर्पदंशाने गेलेल्या माणसाला रात्रीत माती दिली तर साप चावला होता हे सांगणारा कागदच राहत नाही. अशा वेळी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच चौकशी करावी.

शेतात दफन करायचेच असल्यास

मृत्यूनंतर हातात काही तासच असतात. तेवढ्यात अर्ज, सही, शिक्का होत नाही. म्हणून कुटुंबाची तशी इच्छा असेल तर माणसे हयात असतानाच पुढील तयारी करावी.

१) सातबारा पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, इनामाची, वाटपाची असेल, किंवा संपादनाची नोटीस निघालेली असेल, तर तेथे दफन करण्याचा विचार सोडावा.

२) सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. जमीन सामाईक असेल तर एका भावाची संमती पुरेशी नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही हिस्सा असतो, त्यांची सही विसरू नये.

३) जागा निश्चित करून गट नंबर, चतुःसीमा आणि विहीर, घर, ओढा, रस्ता यांपासूनची अंतरे दाखवणारा हाती नकाशा काढावा.

४) लगतच्या शेतकऱ्यांना आधी सांगावे आणि शक्य तर त्यांच्या सह्या घ्याव्यात. वाद बहुधा बांधावरूनच सुरू होतो. शेजाऱ्याला उपद्रव झाला असे वाटल्यास तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दाद मागू शकतो.

५) ग्रामपंचायतीकडे साध्या कागदावर लेखी अर्ज करून ठराव किंवा ना-हरकत मागावी. एक प्रत तहसीलदारांना द्यावी. दोन्हीकडून पोच घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये, सरपंच बदलतात.

६) दफनाच्या दिवशी पोलीस पाटलांना कळवावे, गावातील चार-पाच जबाबदार माणसांच्या सह्यांनिशी तारीख, वेळ व जागा लिहून ठेवावी.

७) समाधीचा साधा ओटा आणि पक्के बांधकाम यांत फरक आहे. छत्री, मंडप, मंदिर उभारायचे असेल तर बांधकाम परवानगी आणि जमीन वापराचे नियम लागू होतात. ते वेगळे विचारून घ्यावे.

शेतात अग्निडाग देणाऱ्यांनीही क्रमांक ३ ते ६ पाळावेत. त्याशिवाय उभा ऊस, कडब्याची गंज आणि विजेच्या तारा यांपासून सरण दूर ठेवावे.

जमीन विकताना

समाधी असलेली जमीन विकली की नवा मालक वाट अडवतो, कधी ओटा मोडून नांगर घालतो. खरेदीखतात समाधीचा उल्लेख नसेल तर मूळ कुटुंबाची बाजू लंगडी पडते. म्हणून विक्रीच्या वेळीच समाधीची जागा, तिचे माप आणि दर्शनाला जाण्या-येण्याची वाट यांचा उल्लेख नोंदणीकृत खरेदीखतात करून घ्यावा. फक्त समाधीचा गुंठाभर तुकडा वेगळा ठेवण्याचा विचार केल्यास तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो, त्यामुळे आधी नोंदणी कार्यालयात विचारावे. घेणाऱ्यानेही रान पायाखाली घालून पाहावे. कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने दफनाच्या जागेत घुसून तिची विटंबना करणे हा न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मालकी मिळाली म्हणून थडग्यावर नांगर घालण्याची घाई करू नये.

खरा उपाय गावाचा

बारकाईने पाहिले तर बहुतेक कुटुंबे हौसेने शेतात माती देत नाहीत. गावात आपल्या समाजासाठी जागा नसते, असलेल्या जागेला वाट नसते, किंवा ती ओढ्यापलीकडे असून पावसाळ्यात बुडते. भटक्या समाजातील लोकांजवळ तर स्वतःची जमीनही नसते, त्यांना मयत घेऊन फिरावे लागते. यावर ग्रामसभा हाच मार्ग आहे. दफनभूमीची मागणी, तिची मोजणी, वाट, कुंपण आणि पाण्याची सोय यांचे ठराव ग्रामसभेत मांडावेत. जनसुविधांसाठी ग्रामपंचायतींना जे विशेष अनुदान मिळते त्यात स्मशानभूमी व दफनभूमीची कामे बसतात. जागा निवडताना वर दिलेली अंतरे आणि पाण्याची पातळी गावाने एकदाच नीट पाहिली, तर पन्नास शेतकऱ्यांना आपापल्या बांधावर पाहत बसावे लागणार नाही.

आमच्या गावी पुरानंतर ओढ्याच्या अलीकडे उंचावर दफनभूमीसाठी जागा मागणारा ठराव झाला आहे. अर्ज पुढे सरकतो आहे. शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या काकांना मी पुन्हा भेटलो. त्यांच्या शेतातली विहीर नियोजित जागेपासून तीस मीटरवर निघाली, आणि तिचे पाणी सारी वस्ती पिते. त्यांनी पत्नीला ते समजावून सांगितले. "मग नको, लेकरं ते पाणी पितात" असे त्या म्हणाल्या, आणि सासऱ्यांच्या समाधीची मूठभर माती आपल्यासोबत गावच्या दफनभूमीत द्यावी, एवढे मागून घेतले.

आपल्या घरीही हा विषय वेळ असताना, वडीलधाऱ्यांना विचारून, मोकळेपणी बोलावा. सातबारा, संमतीपत्र, ठरावाची प्रत आणि हाती नकाशा एका पिशवीत घालून ठेवावा, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. एवढे केल्यास गेलेल्या माणसाच्या मागे घरात वाद आणि हेलपाटे राहणार नाहीत, आणि विहिरीचे पाणीही निर्धास्तपणे पिता येईल.